'मुंबईत पोलीस भरपूर आहेत' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग नातेवाईकांच्या, मग शाळेच्या जुन्या बॅचच्या, आणि प्रत्येक ठिकाणी खाली लोकांचे अंगठे. मजकूर थोडक्यात असा की मुंबई पोलिसांकडे हजारोंनी माणसं आहेत, 'स्टाफ कमी आहे' हा नुसता बहाणा आहे, आठ तास ड्युटी करून घरी जातात, भरती तर होतच असते, जागोजागी सीसीटीव्ही आहेत मग माणसं हवीत कशाला, आणि निर्भया पथक, मोहल्ला कमिटी वगैरे सगळं फोटोपुरतं. मी तो पुढे पाठवला नाही. माझे बाबा हवालदार म्हणून रिटायर झाले, माझं लहानपण पोलीस लाईनीत गेलं, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकते. पण मला स्वतःला पोलीस ठाण्यात त्रासही झालाय, तोही खाली लिहिलाय.

पहिला मुद्दा, माणसं भरपूर आहेत. जुलै २०२३ मध्ये गृह विभागाने एक निर्णय काढला होता, मुंबई पोलिसांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाकडून ३,००० माणसं कंत्राटावर घ्यायची. तेव्हा बराच गदारोळ झाला. पण ही वेळ आली कशामुळे? मुंबईत शिपायांची मंजूर पदं ४० हजारांच्या आसपास आणि त्यातली जवळपास १० हजार रिकामी होती म्हणून. म्हणजे चारातला एक माणूस कागदावर होता आणि ठाण्यात नव्हता. हे कुठल्या पोलीसवाल्याच्या मुलीचं रडगाणं नाहीये, सरकारचा स्वतःचा हिशोब आहे.

आणि जी माणसं आहेत त्यांचा हिशोब पण जरा घरच्या हिशोबासारखा मांडून बघा. एका नाक्यावर चोवीस तास एकच पोलीस उभा ठेवायचा, आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे वर्षाला १,०९५ पाळ्या. एका माणसाला ५२ साप्ताहिक सुट्ट्या, २० किरकोळ रजा, ३० अर्जित रजा, सगळं नियमाप्रमाणे दिलं तर तो २६३ दिवस हजर राहतो. भागाकार करा, एका जागेसाठी चाराच्या वर माणसं लागतात. म्हणून 'हजारोंनी' हा आकडा मोठा वाटला तरी एका वेळी रस्त्यावर त्याचा चौथा हिस्सा पण येत नाही, कारण त्यातून अजून बरंच वजा व्हायचं असतं. कोर्टात पैरवीला, म्हणजे केसच्या पाठपुराव्याला, एक, आरोपीला तारखेला न्यायला दोन, समन्स-वॉरंट बजवायला एक, मुद्देमाल सांभाळणारा एक, पासपोर्टच्या चौकशीला एक, ठाणे अंमलदार, वायरलेस, लॉकअप गार्ड. आणि या सगळ्याच्या वर बंदोबस्त.

बंदोबस्त हा शब्द आमच्या घरी पाहुण्यासारखा नाही, घरच्या माणसासारखा होता. गणपती, अनंत चतुर्दशी, सहा डिसेंबरला चैत्यभूमी, थर्टी फर्स्ट, निवडणुका, वानखेडेवर मॅच, आझाद मैदानात मोर्चा, कुणी मोठा नेता विमानतळावर उतरला की त्याचा रूट. २०२५ च्या गणपतीत तर आझाद मैदानावर मराठा आरक्षणाचं उपोषण त्याच दिवसांत आलं, आता शहराकडे माणसं तेवढीच आणि जागा दुप्पट. अशा दिवशी आधी कोण उचललं जातं तर बीटवरचा माणूस, म्हणजे तोच जो तुमच्या गल्लीतून रात्री फिरतो, ज्याला माहीत असतं की कुठल्या इमारतीत एकट्या आजी राहतात आणि कुठल्या दुकानामागे पोरं बसतात. आकडा तोच राहतो हो, पण तो माणूस आपल्या गल्लीत नसतो, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय.

दुसरा मुद्दा, आठ तासांची ड्युटी. मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, कल्पना तिथल्याच रवींद्र पाटील नावाच्या पोलीस कर्मचाऱ्याची, आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली, पुढे १ जानेवारी २०१७ पासून शहरभर लागू केली. त्याआधी बारा तास हे कमीत कमी, बाबा रात्री जेवायला बसलेत आणि आम्ही जागे आहोत असं वर्षातून मोजक्या वेळा व्हायचं. पण ही पद्धत टिकवायला तीन पाळ्यांची माणसं लागतात, आणि ती कमी पडली की पहिली कुऱ्हाड आठ तासांवरच पडते. जर सगळे आठ तासांत घरी जात असते तर जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या महासंचालकांना महिला पोलिसांसाठी आठ तासांचा वेगळा आदेश काढायची गरजच काय होती? मेसेज लिहिणाऱ्याने एकदा कुठल्याही पोलीस लाईनीत जाऊन एखाद्या पोलिसाच्या बायकोला विचारावं, नवरा किती वाजता येतो.

भरतीचं थोडक्यात. होते, पण पाणी भरल्यासारखी होत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्यात १८,३३१ पदांची भरती निघाली, अर्ज आले १८ लाखांच्या आसपास, मुंबईची लेखी परीक्षा झाली मे २०२३ मध्ये, त्यानंतर कागदपत्रं, मेडिकल, चारित्र्य पडताळणी आणि मग नऊ महिन्यांचं ट्रेनिंग. तोवर इकडे रिटायरमेंट थांबत नाहीत. त्यात १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकची टीम जागेवर. नियम चांगलेच आहेत, तक्रारदाराच्या फायद्याचे आहेत, पण एका केसमागे लागणारे तास वाढले आणि ते तास देणारी माणसं तीच आहेत.

आता सीसीटीव्ही. २६/११ नंतर मागणी झाली, २०१६ मध्ये शहराचं कॅमेऱ्यांचं जाळं सुरू झालं, त्याचा उपयोग आहेच, चेन खेचणारे, बाईकवाले, हिट अँड रन, आरोपी शोधताना आज पहिला प्रश्न फुटेजचाच असतो. पण साकीनाक्याचं बलात्कार आणि खुनाचं प्रकरण आठवा. १० सप्टेंबर २०२१, गणेश चतुर्थीची पहाट. एका वॉचमनने कंट्रोल रूमला फोन केला, पोलीस दहा मिनिटांत पोचले, ती बाई उभ्या टेम्पोमध्ये जखमी अवस्थेत होती, आणि अँब्युलन्सची वाट न बघता एका पोलिसाने तोच टेम्पो चालवत तिला राजावाडीला नेलं. ती वाचली नाही. कॅमेऱ्यात चित्र होतं, त्याने आरोपी काही तासांत सापडला, १८ दिवसांत चार्जशीट गेली, जून २०२२ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. पण कॅमेऱ्याने ते होताना थांबवलं नाही. फोन करणारा वॉचमन माणूस होता, टेम्पो चालवणारा माणूस होता. हे लिहितानासुद्धा मला त्या दहा मिनिटांच्या आधी तिथून एखादी गस्तीची गाडी गेली असती तर असं वाटत राहतं, आणि गस्तीच्या गाडीत बसायला माणसं लागतात.

निर्भया पथकं त्याच घटनेनंतर प्रत्येक पोलीस ठाण्यात आली. एक महिला अधिकारी, महिला आणि पुरुष शिपाई, ड्रायव्हर, एक गाडी. कॉलेजच्या बाहेर, बायकांच्या हॉस्टेलजवळ, अंधाऱ्या जागांवर फेऱ्या. फोटो काढतात, हो, काढतात. पण १०३ या महिला हेल्पलाईनवर फोन केल्यावर दारात आलेली गाडी माझ्या मैत्रिणीने बघितली आहे, आणि आलेल्या मॅडम तिच्या नवऱ्याशी ज्या आवाजात बोलल्या तो तिला अजून पाठ आहे. पथक कमकुवत कधी होतं? मॅडमना बंदोबस्त लागतो तेव्हा. मग दोष पथकात आहे की माणसं उसनी घेण्यात?

आणि मोहल्ला कमिटीला फोटोपुरतं म्हणणाऱ्यांनी भिवंडीचं नाव काढावं. १९७० ला दंगलीत पेटलेली, १९८४ ला परत पेटलेली भिवंडी. तिथले तेव्हाचे डीसीपी सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ल्या-मोहल्ल्यात दोन्ही समाजांच्या साध्या लोकांच्या कमिट्या बांधल्या, पुढाऱ्यांच्या नाही, यंत्रमागवाले, दुकानदार, बाया, आणि सोबत त्या बीटचा पोलीस. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत सतीश साहनी आयुक्त असताना, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरोंसारख्या मंडळींच्या पुढाकाराने इथेही मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. हे काम दिसत नाही कारण जे होत नाही त्याची बातमी होत नाही. पण हे काम करायला संध्याकाळी दोन तास बसून लोकांचं नळाचं आणि पार्किंगचं भांडण ऐकणारा पोलीस लागतो, आणि तोच आज सगळ्यात दुर्मिळ झालाय.

मेसेजमधलं खरं काय ते पण लिहिते, नाहीतर मी पण एकतर्फीच. माझा फोन ट्रेनमध्ये खिशातून, माझ्या डोळ्यांदेखत गेला, तक्रारीला गेले तर 'चोरी' नाही 'गहाळ' लिहा म्हणून दीड तास बसवून ठेवलं. मी लिहिलं नाही, शेवटी एफआयआर झाला, पण माझ्यामागे उभ्या असलेल्या कामवाल्या मावशींनी गहाळ लिहून दिलं कारण त्यांना कामावर जायचं होतं. हे स्टाफ कमी म्हणून झालं असं मी म्हणणार नाही, हे गुन्ह्याचा आकडा कमी दाखवायचा म्हणून होतं, आणि त्यावर चिडलंच पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय, आणि आता झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर, कायद्यातच आहे. पण 'पोलीस भरपूर आहेत' या मेसेजने त्या मावशींना काय मिळालं?

चिडायचंच असेल तर आपापल्या ठाण्याला आरटीआय टाका, तीनच प्रश्न: मंजूर पदं किती, हजर किती, आणि गेल्या महिन्यात बीटवरची माणसं किती दिवस बंदोबस्तावर होती. मी टाकलाय. आमच्या बीटचे हवालदार मागच्या महिन्यात बदलले, नवीन आलेत त्यांना गल्ल्या माहीत नाहीत, तर मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका त्यांना फिरवून दाखवणार आहोत, एकट्या राहणाऱ्या तीन आजींची घरं आधी. रविवारी अकरा वाजता येतो म्हणालेत, बंदोबस्त लागला नाही तर.