वरच्या मजल्यावरून, आपुलकीने

नवा राउटर आणलात, अभिनंदन! आता सेटिंगमध्ये सुरक्षेचे चार-पाच पर्याय दिसत असतील आणि डोकं गरगरत असेल. घाबरू नका. मी वरच्याच मजल्यावर राहतो, सांगतो.

सर्वांत उत्तम 'ओपन'. पासवर्डच नाही, तर विसरणार काय? २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या उघड्या वाय-फायवरून. पोलीस थेट त्यांच्या दारात. एरवी आपण बोलावूनही येतात का इतक्या तत्परतेने?

एवढी छाती नसेल तर डब्ल्यूईपी, म्हणजे वाय-फायचं पहिलंवहिलं कुलूप. १९९७ चं आहे, जुनं ते सोनं. ते कसं फोडायचं हे संशोधकांनी २००१ मध्येच छापलं आणि २००७ पर्यंत ते काम मिनिटभरावर आलं. दाराला कडी आहेच की, फक्त बाहेरून.

डब्ल्यूपीए-२ हे त्यानंतरचं कुलूप आणि एईएस ही त्यातली मजकूर गुप्त करायची पद्धत, हे २००४ चं खूळ. हट्टच असेल तर घ्या, पण पासवर्ड स्वतःचा मोबाइल नंबरच ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर तो सगळ्यांकडे आहेच. परक्यालाही फार ताटकळावं लागत नाही. तुमचा फोन राउटरला जोडला जाताना होणारी देवघेव हवेतून टिपली की पुढचे अंदाज तो आपल्या घरी बसून लावतो. देशातले सगळे शक्य नंबर चाचपायला चांगल्या ग्राफिक्स कार्डाला तास-दोन तास पुरतात. त्रेसष्ट अक्षरांपर्यंत पासवर्ड चालतो म्हणे, चार-पाच असंबद्ध शब्द जोडले तरी भागतं. पण टीव्हीच्या रिमोटने ते टाइप कोण करणार?

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन जोडायची सोय, ती तर बंद करूच नका. आठ आकडी पिन, त्यातला शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा. आणि राउटर इतका भोळा, की पहिले चार आकडे बरोबर आले की तेवढ्यावरच तसं सांगून टाकतो. राहिले जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. आमच्या भाच्याची दिवाळीची सुट्टी त्यात मजेत गेली.

डब्ल्यूपीए-३ मात्र चुकूनही नको. २०१८ चं ते नवं प्रकरण, त्यात घरी बसून अंदाज लावायची सोयच नाही. दर प्रयत्नाला राउटरचंच दार वाजवावं लागतं. शेजारधर्म म्हणून काही उरलाय की नाही?

आणि हो, राउटर यंदा बेडरूमच्या माळ्यावर ठेवा. जुना हॉलमध्ये होता, तर ऐन शेवटच्या षटकात आमचं चित्र अडकायचं.