धाप लागणं म्हणजे ‘एवढंच’?

आज सकाळी एका मित्राची पोस्ट वाचली. फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, निघाला होता, इंजेक्शनं झाली, ताप उतरला, उद्यापासून कामावर. शेवटी लिहिलंय, “जिना चढताना धाप लागते, एवढंच.” खाली अंगठ्यांची रांग. एकानं तर लिहिलंय, “मलेरियाच ना, त्यात काय!” तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

माझ्या धाकट्या भावाचा मलेरियाचा तापही तिसऱ्या दिवशी उतरला होता. चौथ्या रात्री वॉर्डात तो उठून बसला. “ताई, आडवं झालं की गुदमरतंय.” अंगाला हात लावला तर गार. नाडी मात्र १३०. ताप नाही आणि नाडी १३०! मी काय म्हणाले? “अशक्तपणा आहे रे, पड निवांत.” रात्रपाळीच्या सिस्टरनं ऐकलं आणि ती ईसीजीचं मशीनच घेऊन आली.

मलेरिया म्हटलं की आपल्याला डास आठवतात, थंडी आठवते, फार तर मेंदूचा मलेरिया. हृदयाचं नाव कुणी काढत नाही. अहो, फाल्सिपॅरमचा परजीवी ज्या तांबड्या पेशीत शिरतो, ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला आतून चिकटून बसते. मेंदूत बसते, तशी हृदयाच्या स्नायूतही बसते. वर पेशी फुटून रक्त कमी झालेलं, रक्तात आम्ल वाढलेलं. अशा उपाशी हृदयानं दुप्पट वेगानं पळायचं! कधी त्याच्या स्नायूलाच सूज येते, कधी ठोक्यांची लय बिघडते, कधी भोवतीच्या आवरणात पाणी साचतं. व्हायवॅक्स या सौम्य समजल्या जाणाऱ्या मलेरियातही असं झालेलं आहे, तेव्हा “आमचा साधा होता” हे मला सांगू नका.

हो, बहुतेकांच्या हृदयाला काही होत नाही, आणि प्रत्येकाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढत बसणं कुठल्याच दवाखान्याला जमणार नाही. पण नाडी मोजायला काय लागतं? मनगटावर दोन बोटं आणि एक मिनिट!

आणि ते सलाईन! “एक बाटली लावा, तरतरी येईल.” हे मीच म्हणत होते. त्या रात्रीच्या आधीच, वॉर्डातल्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं भावाचं सलाईन कमी केलं, तेव्हा मी त्या तरुण पोराशी कडाकडा भांडले. तो शांतपणे एवढंच म्हणाला, “ताई, जास्त दिलं तर फुप्फुसात पाणी भरेल.” मला वाटलं, टाळतोय. नंतर वाचलं, २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांहून जास्त अत्यवस्थ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया होता. ज्यांना भराभर सलाईन दिलं, त्यांच्यातच मृत्यू जास्त झाले, तेही बरेचसे हृदय आणि रक्ताभिसरण कोसळून. त्या रात्री भावाला धाप लागली, तेव्हा माझ्या हट्टाच्या दोन बाटल्या त्याच्या अंगात असत्या तर? हा विचार अजून रात्री झोपू देत नाही. त्या डॉक्टरची माफी मागायची राहून गेली.

भावाचं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते प्रथिन, वाढलेलं निघालं, इकोत हृदयाचं पंपिंग मंदावलेलं दिसलं. स्नायूला सूज होती. सावरला तो, पण कित्येक आठवडे चार पायऱ्या चढून कठड्याला धरून उभा राहायचा. मागून यायला नको म्हणायचा. मी दोन पायऱ्या खाली थांबून त्याचा श्वास ऐकत राहायचे.

सकाळी रागाच्या भरात मित्राच्या पोस्टखाली काहीबाही लिहिलं होतं, ते आत्ता पुसलं. त्याची चूक काय? ताप उतरला म्हणजे बरं झालं, असंच सगळे सांगत आलेत. मग फोनच केला. म्हटलं, पाच मिनिटं शांत बस, मग नाडी मोज आणि मला आकडा सांग. आधी हसला. मग मी भावाची ती रात्र सांगितली, तसा गप्प झाला. “मोजून सांगतो,” म्हणाला.

फोन शेजारी घेऊन बसले आहे.