‘आनंद करा’ हे कोणी कोणाला सांगायचं?

नमस्कार.

माणसांनी नाकारल्यावरही ख्रिस्तात आनंद मिळू शकतो, असं मी गेल्या लेखात लिहिलं आणि तुम्ही मला चांगलंच धारेवर धरलंत. प्रतिक्रियेच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्यांनी तुमचं म्हणणं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या मैत्रिणीला नवऱ्याने सोडलं, पाठोपाठ नोकरी गेली, आणि माहेरच्यांनी ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ म्हणून हात झटकले. अशा वेळी तिच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, दोघीतिघी घरी आल्या आणि ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन ऐकवून गेल्या. जाता जाता एकीने पुस्तीही जोडली, की आनंद वाटत नसेल तर विश्वास कुठेतरी कमी पडतोय. तेव्हापासून ती उपासनेला गेलेली नाही. तुमचं म्हणणं असं, की हा आनंद म्हणजे अफूची गोळी आहे, ती अन्याय मुकाट गिळायला शिकवते, आणि वर रडणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवते. ‘तुमच्यासारखे लोक असं लिहितात म्हणून त्या बायका तसं बोलतात,’ हे तुमचं शेवटचं वाक्य.

तिथूनच सुरुवात करते, कारण तेच मला लागलं.

ते वचन बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं, चौथ्या अध्यायातलं. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना ते प्रेषित पौलाने लिहिलं. ते कोण कोणाला म्हणतोय ते बघा. पौल कैदेत आहे. खटल्याचा निकाल काय लागेल, जगणार की मरणार, हे त्याला ठाऊक नाही, आणि तसं तो पहिल्याच अध्यायात लिहितो. ज्यांना लिहितोय ते लोक आपापल्या घरी आहेत. म्हणजे बेड्यांतला माणूस मोकळ्या माणसांना म्हणतोय, आनंद करा. तुमच्या मैत्रिणीकडे बरोबर उलटं झालं. ज्यांचं सगळं ठीक चाललं होतं त्या आल्या आणि जिचं सगळं गेलं होतं तिला त्यांनी हुकूम सोडला. शब्द तेच राहिले, पण बोलणाऱ्याची जागा बदलली आणि त्यांची धार उलटी फिरली. फिलिप्पैच्या लोकांनी कैदेतल्या पौलाला असा निरोप धाडल्याचं कुठे दिसत नाही. त्यांनी एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर मदत धाडली. पौल त्याबद्दल लिहितो, की माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे बरं केलंत.

त्या पत्रात आणखी काय काय आहे! हा एपफ्रदीत वाटेत की पोचल्यावर कोण जाणे, पण मरणाच्या दारात जाऊन येतो. तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल सरळ कबूल करतो. त्याच्या कैदेचा फायदा घेऊन काही जण हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करतायत, बेड्यांत असलेल्याला आणखी त्रास व्हावा म्हणून. मंडळीतल्या युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं आपसात बिनसलंय. ‘आनंद करा’ हे वाक्य त्यांच्या भांडणानंतर लगेच, दोनच वचनांनी येतं. तिसऱ्या अध्यायात तर तो रडत रडत सांगतोय असं म्हणतो. हे सगळं बाजूला ठेवून त्यातलं एकच वाक्य कापून भिंतीवर लावलं, की ते फार गोड दिसतं. चुकीचं होत नाही, पण पोरकं होतं.

आता अफूचं बघू. ज्या फिलिप्पैला हे पत्र गेलं तिथेच पौल आणि त्याचा सोबती सीला यांना आधी भर चौकात कपडे फाडून छड्यांनी मारलं होतं. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. कारण काय, तर एका दासीच्या भविष्य सांगण्यावर तिचे धनी पैसा कमावत होते, आणि पौलाने तिला त्या भुतापासून सोडवल्यावर ती कमाई बुडाली. फिर्याद मात्र केली ती ‘हे यहूदी लोक शहरात गोंधळ माजवतात’ अशी. (धंदा बुडाला की समाजाची शांतता आठवते, हे तेव्हापासूनचं आहे.) दोघांना आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते प्रार्थना करत, गाणी गात होते, आणि बाकीचे कैदी ऐकत होते. प्रवचनांत गोष्ट सहसा इथेच रंगते. मग भूकंप होतो, दारं उघडतात, कैदी पळाले असं वाटून बंदिशाळेचा नायक स्वतःवरच तलवार उपसतो आणि पौल ओरडून त्याला थांबवतो.

पण मला तुमच्यासाठी त्यानंतरची सकाळ हवी आहे. अधिकाऱ्यांचा निरोप येतो, की त्या माणसांना सोडून द्या. पौल जायला तयार होत नाही. तो म्हणतो, आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलंत, तुरुंगात टाकलंत, आणि आता गुपचूप घालवता काय? ते जमायचं नाही. त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या करून त्यांना बाहेर घेऊन गेले. रात्री गाणारा आणि सकाळी हिशेब मागणारा माणूस एकच आहे. ज्याला भूल चढलीय तो दुसऱ्या दिवशी नागरिकत्वाचा हक्क सांगत नाही. तेव्हा तुमच्या मैत्रिणीने पोटगीसाठी वकील गाठला, नोकरीवरून काढल्याचा जाब विचारला, तर त्याने तिचा विश्वास तसूभरही कमी होत नाही. उलट कोणी तिला ‘क्षमा कर आणि गप्प बस’ म्हणत असेल, तर त्यांना सोळावा अध्याय शेवटपर्यंत वाचायला सांगा.

दुःख करणाऱ्याला अपराधी ठरवण्याच्या मुद्द्यावर तुमच्याशी माझा वादच नाही. बायबलचाही नाही. बायबलमधल्या ईयोबावर काही चूक नसताना संकटं कोसळली. त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं, तुझंच काही पाप असणार हे पटवायला सुरुवात केली, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ओढवला तो त्यांच्यावर. देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही. आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र बघा. बहुतेक विलापगीतं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळतच नाही. माझे सोबती तू माझ्यापासून दूर केलेस असं देवाला सुनावतं आणि काळोखात संपतं. ते कोणी गाळलं नाही. प्रार्थनेच्या पुस्तकात ते प्रार्थना म्हणून ठेवलंय. आनंद वाटत नाही हे देवाला तोंडावर सांगणं हा विश्वासाचाच भाग आहे, नाहीतर हे स्तोत्र तिथे असायला नको होतं.

माझ्यावर वाईट दिवस आले तेव्हा माझ्याकडेही वचनं घेऊन येणारे बरेच होते. त्यांतलं आज एकही आठवत नाही. आठवते ती एक बाई. तिच्याशी माझी फारशी ओळखही नव्हती. ती आली, खुर्चीवर आठवड्याभराच्या वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता तो तिने मांडीवर ओढला आणि घड्या घालत बसली. मोजे जोडी जोडीने लावले. एका शर्टाचं बटण लोंबत होतं, ते दोरा मागून घट्ट केलं. निघताना ‘येते उद्या’ एवढंच म्हणाली, आणि आली. त्या दिवसांत मला आनंद झाला असं म्हणणार नाही. पण देवाने मला टाकलेलं नाही, हे पहिल्यांदा खरं वाटलं ते तेव्हा.

यावर तुम्ही म्हणाल, म्हणजे काम माणसांनी केलं, देवाचं नाव कशाला? आणि मंडळीनेच टाकलं असेल तर? तुमच्या प्रतिक्रियेतला मला सगळ्यात वजनदार वाटलेला प्रश्न हाच आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय याच प्रश्नाचा आहे. एक जन्मांध माणूस. त्याला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, कोणाचंच नाही. थुंकीने चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो, शिलोह तळ्यात धुवायला पाठवतो, आणि तो माणूस पाहू लागतो. पण दिवस शब्बाथाचा, म्हणजे काम वर्ज्य असलेला यहूद्यांचा विश्रांतीचा दिवस, त्यामुळे परूशी, म्हणजे कर्मठ धर्मपुढारी, चौकशी लावतात. आईबापांना बोलावतात. ते काय म्हणतात? हा आमचाच मुलगा, आंधळा जन्मला हेही खरं, बाकी आम्हाला ठाऊक नाही, तो वयात आलाय, त्यालाच विचारा. सभास्थानातून घालवतील म्हणून ते घाबरले होते, असं योहान लिहितो. मुलाला दिसायला लागलंय आणि आईबाप हात वर करतात! मुलगा मात्र खमक्या निघतो. परत परत तेच विचारल्यावर म्हणतो, तुम्हालाही त्याचं शिष्य व्हायचंय की काय? त्यावर ते त्याला शिव्या देतात, तू जन्मापासून पापात बुडालेला, म्हणून बाहेर काढतात. घरच्यांनी वाऱ्यावर सोडलं, धर्माच्या ठेकेदारांनी दार लावलं. पुढचं वाक्य असं आहे, की त्याला घालवून दिलं हे येशूने ऐकलं आणि तो त्याला भेटला. येशू ज्यांनी दार लावलं त्यांच्या बाजूला नाही, बाहेर आहे. मी ज्या आनंदाबद्दल लिहिते तो इथे सुरू होतो. तुम्हाला बाहेर काढणाऱ्यांना तुमच्याबद्दलचा शेवटचा निकाल देण्याचा अधिकार नाही, एवढं कळण्यापासून.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तुम्हाला आवडेल असं वाटतं, कारण त्याही कोणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, पुढे 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ज्या समाजाने त्यांना पंडिता म्हणून डोक्यावर घेतलं होतं त्यातल्या पुष्कळांनी पाठ फिरवली. 1893 मध्ये शारदासदन या त्यांच्या मुलींच्या आश्रमशाळेतून पालकांनी मुली काढून नेल्या. आणि ज्यांच्या छायेत बाप्तिस्मा घेतला त्या इंग्लंडमधल्या वाँटेजच्या भगिनींशी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींशीही त्यांचं पटलं नाही. चर्चने सांगितलं म्हणून मी मुकाट मानणार नाही, असं त्या पत्रांतून स्पष्ट लिहीत होत्या. म्हणजे दोन्ही घरांना नकोशा. पुढे त्यांनीच साक्षीत लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी मला उमगलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला विसावा मिळाला तो त्यानंतर. इतक्या बुद्धीच्या, इतक्या निष्ठेच्या बाईला आठ वर्षं लागली, आणि तुमच्या मैत्रिणीने तो एका दुपारी दाखवावा, अशी कोणाची अपेक्षा?

आणि तुम्ही विचाराल त्याआधी मीच सांगते, काहींना तो आयुष्यभर लाभत नाही. विल्यम कूपर हा अठराव्या शतकातला इंग्रज कवी. त्याची भक्तिगीतं आजही चर्चमध्ये गायली जातात. 1773 मध्ये त्याला नैराश्याचा असा झटका आला, की देवाने आपल्याला कायमचं टाकलंय ही समजूत 1800 मध्ये मरेपर्यंत पुरती गेली नाही. त्याच्या गीतांनी दुसऱ्यांना दिलासा दिला, त्याला स्वतःला नाही. त्याचा पाळक आणि मित्र जॉन न्यूटन याने त्याला वर्षभर आपल्या घरी ठेवून घेतलं, जपलं. ‘विश्वास कमी पडतोय’ असं म्हणून त्याला सोडलं नाही. कूपरला साक्ष द्यायला कोणी व्यासपीठावर बोलावणार नाही, ही आमच्या मंडळ्यांची खोड आहेच. ज्यांचं शेवटी गोड झालं त्यांनाच आम्ही माइक देतो. तुमचा हा टोमणा मला शंभर टक्के मान्य आहे.

जिथे पटत नाही तेही सांगते. हा आनंद निव्वळ मनाची समजूत आहे, असं तुम्ही म्हणता. माझा दावा मनाच्या अवस्थेबद्दल नाहीच. यशया संदेष्ट्याने ज्याला ‘तुच्छ मानलेला, मनुष्यांनी टाकलेला’ म्हटलं त्याला देवाने मरणातून उठवलं, अशी घडलेली गोष्ट म्हणून माझी श्रद्धा आहे. ती घडली असेल तर नाकारणाऱ्यांचा शब्द शेवटचा नाही, मग मला आज कसंही वाटो. ती घडलीच नसेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि हे मी पदरचं सांगत नाही. पौलच करिंथकरांना लिहितो, की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, आणि आमची आशा या आयुष्यापुरतीच असेल तर आम्ही सगळ्यांत कीव करण्याजोगे. इथे आपण दोघं वेगवेगळ्या बाजूला आहोत आणि एका नोंदीने ते मिटणार नाही.

मैत्रिणीबद्दल मात्र विचारलंत म्हणून लिहिते. माझा गेल्या वेळचा लेख तिला पाठवू नका. तो अशा वेळी वाचायचा नाही. ती खात नसेल, झोपत नसेल, जगून काय करायचं अशी भाषा बोलत असेल, तर आधी डॉक्टर, प्रार्थना त्यांच्यासोबत चालू राहील. त्या बायकांकडे परत जा असं तिला मी सांगणार नाही. दुसरी मंडळी असते, कधी कधी दोन माणसांचीही असते. देवावर चिडायचं असेल तर खुशाल चिडू दे, त्यासाठी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे. आणि तुम्ही स्वतः विश्वास ठेवत नाही असं लिहिलंय, तरी तिच्याकडे रोज जाताय, तिच्या वतीने माझ्याशी भांडताय. ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस तुम्ही निभावताय. ते थांबवू नका.

तिला बोलावंसं वाटलं तर माझा ईमेल पत्ता ब्लॉगच्या ‘संपर्क’ पानावर आहे. तिला उत्तर एवढं लांबलचक देणार नाही, हा शब्द.