तिसऱ्या महिन्याची गोळी

मानसिक आरोग्याच्या धोरणाचा विषय निघाला की गाडी लगेच नवी इमारत, नवं ॲप, जनजागृती सप्ताह यांच्याकडे वळते. माझी कसोटी एवढीच आहे: ग्रामीण रुग्णालयात आज नाव नोंदवलेला स्किझोफ्रेनियाचा (भास-भ्रम होणाऱ्या तीव्र मानसिक आजाराचा) रुग्ण तिसऱ्या महिन्यात गोळ्या न्यायला खिडकीशी उभा आहे का? असेल तर धोरण चाललंय.

तिसराच महिना का, तर पहिल्या महिन्यात घरचे घाबरलेले असतात. उसने पैसे काढतात, मजुरी बुडवतात, पण रुग्णाला घेऊन येतात. दुसऱ्या महिन्यात झोप लागायला लागते, रात्रीचं ओरडणं थांबतं. तिसऱ्या महिन्यात घरात बोलणं सुरू होतं, 'आता बरा आहे की, कशाला त्या गोळ्या?' त्यात एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि खिडकीवरून 'पुढच्या आठवड्यात या'. उपचार तुटतो तो इथे. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटायला लागल्यावरही ती किमान सहा ते नऊ महिने घ्यावी लागते. स्किझोफ्रेनियात तर पहिल्याच झटक्यानंतरचा हिशेब वर्षांत करायचा असतो.

आता खिडकीच्या आत काय होतं ते बघा, कारण माझ्या मते खरा सुधार तिथे हवा आहे.

स्किझोफ्रेनियावरचं हॅलोपेरिडॉल आहे, पण त्याचे दुष्परिणाम आवरणारं ट्रायहेक्सिफेनिडिल संपलंय. ही परिस्थिती कागदावर 'औषध उपलब्ध' अशीच दिसते. प्रत्यक्षात तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखाद्या रुग्णाची मान एका बाजूला ओढली जाते, जबडा आखडतो. पुढे हात थरथरतात, लाळ गळते, चालणं लाकडासारखं होतं. घरच्यांना वाटतं गोळीने माणूस आणखी बिघडला. त्यांचं काही चुकत नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की हा औषधाचा दुष्परिणाम आहे, दोन मिलिग्रॅमच्या एका स्वस्त गोळीने तो आटोक्यात येतो आणि मान वाकडी झाली तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रोमेथाझिनच्या इंजेक्शननेही अर्ध्या-पाऊण तासात आराम पडतो. ते गोळ्या फेकून देतात आणि देवऋषाकडे जातात. म्हणून ही औषधं जोडीनेच मागवायला हवीत. जोडीतलं एक शून्यावर आलं की दुसरंही संपल्यासारखंच धरावं.

मनाच्या टोकाच्या चढउतारांच्या (बायपोलर) आजारावरच्या लिथियमचं दुखणं वेगळं आहे. रक्तातली पातळी साधारण लिटरला ०.६ ते १.० मिलिमोलच्या दरम्यान असेल तर ते उत्तम काम करतं. त्याच्या फार वर गेली तर विष होतं. मे महिन्यात रानात काम करणारा माणूस घामाने सुकला, किंवा जुलाब लागले, किंवा गुडघेदुखीसाठी त्याने दुकानातून डायक्लोफिनॅक आणून खाल्लं, की पातळी चढते. थरथर, उलट्या, तोल जाणं ही लक्षणं दिसली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे केसपेपरवर मराठीत लिहून द्यायला हवं. गावागावातून रक्ताचे नमुने गोळा करणारी महालॅबची व्यवस्था आपल्याकडे आहेच. लिथियमची पातळी, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) त्याच गाडीतून ठरल्या वेळी व्हायला हवं. आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईला याच आजारावरचं सोडियम व्हॅल्प्रोएट सहज लिहून देणं तर थांबलंच पाहिजे. गर्भावर होणारा त्याचा परिणाम जगभर मान्य झालेला आहे.

औषधं का संपतात? याचं एक मोठं कारण म्हणजे मागणीपत्र मागच्या वर्षीच्या खपावर बनतं. मागच्या वर्षी चार महिने औषध नव्हतं, म्हणून खप कमी दिसला, म्हणून यंदा मागणी कमी, म्हणून यंदा पुन्हा संपणार. मागणी रुग्णांच्या यादीवरून काढायला हवी. समजा एका ग्रामीण रुग्णालयाच्या यादीत रिस्पेरिडोन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाचे ६० रुग्ण आहेत, प्रत्येकाला दोन मिलिग्रॅमच्या रोज दोन गोळ्या. महिन्याला ३,६०० गोळ्या, आणि तीन महिन्यांचा साठा म्हणजे १०,८००. हे गणित करायला सॉफ्टवेअर लागत नाही. औषधनिर्माण अधिकारी आणि परिसेविका यांच्यात एक रजिस्टर पुरतं, आणि त्याच रजिस्टरात ठरल्या तारखेला न आलेल्याच्या नावापुढे लाल खूण. ती लाल खूण आठ दिवसांत आशाताईपर्यंत गेली पाहिजे.

आशाताईंवरून आणखी एक गोष्ट. त्या घरोघरी जो तपासणीचा फॉर्म भरतात त्यात मनाविषयी दोन प्रश्न आता आले आहेत: कामात रस वाटत नाही का, आणि उदास, निराश वाटतं का. चांगलं झालं. पण तो फॉर्म मधुमेह-रक्तदाबासाठी आखलेला, म्हणून तिशीच्या पुढच्यांसाठी. तीव्र मानसिक आजार बऱ्याचदा सुरू होतात सतरा-अठरा ते पंचविशीच्या दरम्यान. म्हणजे ज्या घरात बारावीतला मुलगा तीन महिन्यांपासून खोलीचं दार लावून एकटाच पुटपुटतोय, तिथे जाऊन आपण त्याच्या आईच्या कमरेचा घेर लिहून आणतो. या फॉर्मची वयोमर्यादा खाली आणायला नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही.

'मानसोपचारतज्ज्ञच नाहीत, मग काय करणार' हे उत्तर मला पटत नाही. तज्ज्ञ कमी आहेत हे खरंच आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत उपचारांपासून दूर असलेल्यांचं प्रमाण बहुतेक आजारांत ७० टक्क्यांच्या वर निघालं. (त्या पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही लक्षात ठेवा.) पण तज्ज्ञांवाचून किती काम होतं याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात 'संगात' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना शिकवून नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या, प्रत्येक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची. बंद पडलेली रोजची छोटी कामं पुन्हा सुरू करायची, हा त्यांचा गाभा. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले: तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर, तर फक्त नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. तिथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

यातली ग्यानबाची मेख देखरेखीत आहे. समुपदेशकाला चार दिवस शिकवून सोडून दिलं तर दोन महिन्यांत तो 'टेन्शन घेऊ नका, देवाचं नाव घ्या' यावर येतो. गोव्यात समुपदेशक एकमेकांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकून त्यांना गुण देत, चुका दाखवत. ही वेळ पगारी कामात धरली पाहिजे. आपल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका अशी टीम मंजूर असते, पण कंत्राटी. सामाजिक कार्यकर्ता नोकरी सोडून गेला की तालुक्यातल्या रुग्णांची घरं माहीत असलेला माणूस जातो, आणि नवा येईपर्यंत तिसरा महिना उलटून गेलेला असतो.

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांकडे आपण असंच पाठ फिरवतो. २०२२ मध्ये देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या, २२,७४६. जे वाचतात ते शरीर सावरलं की घरी जातात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ठिकाणी तपासलेली पद्धत अगदी स्वस्त आहे, आणि त्या पाचांत चेन्नईही होतं. घरी सोडण्याआधी तासभर नीट बोलायचं, मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा, अठरावा महिना. एवढ्यानेही पुढचे मृत्यू कमी झाले. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक परिचारिका, एक फोन आणि एक वही असली की हे उद्या सुरू करता येतं. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं, त्याचाही धागा या वहीशी जोडावा. म्हणजे रात्री दोनला फोन करणाऱ्याला, त्याची संमती असेल तर, त्याच आठवड्यात जिल्ह्यातून फोन जाईल.

मनोरुग्णालयांबद्दल थोडक्यात. येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५ खाटा. 'येरवड्याला पाठवा' हे आपण शिवीसारखं वापरतो, आणि पाठवलेल्यांतले काही बरे होऊनही वर्षानुवर्षं तिथेच राहतात, कारण पत्ता दिला तरी घरचे दार उघडत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं १९ वं कलम म्हणतं की घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. पण पाठवायचं कुठे? अशा बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं थांबवा, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावं लागलं. चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेने दाखवलेली वाट मला योग्य वाटते: वस्तीतलं साधं भाड्याचं घर, चार-पाच जणी, सोबत एक मदतनीस, स्वतःचा स्वयंपाक, स्वतःची किल्ली. नवीन वॉर्ड बांधायचा पैसा आधी या भाड्याकडे वळवावा.

कायद्याने सरकारला एक मुदतही दिली आहे. तो २०१८ मध्ये लागू झाला, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय निकषाइतके मानसिक आरोग्य कर्मचारी उभे करण्याचा प्रयत्न दहा वर्षांत करायचा आहे. म्हणजे २०२८ पर्यंत. आमदार-खासदारांना विचारायला हा एक नेमका प्रश्न आहे.

आणि घरी रुग्ण असलेल्यांनी हे जपून ठेवा. त्याच कायद्याच्या कलम १८ नुसार, आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधं सरकारी सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व रुग्णालयांत मोफत आणि कायम मिळाली पाहिजेत. ग्रामीण रुग्णालय त्यातच येतं. खिडकीवर 'नाही' ऐकलं तर केसपेपरवर तसं लिहून मागा. मग वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज करा: औषधाचं नाव, मात्रा, किती तारखेपासून मिळत नाही, कलम १८ चा उल्लेख. तो आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर कलम २८ खाली मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जाता येतं, तिथे फी नाही. अर्ज लिहायला अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो. या सगळ्यात दिवस जातील, तोवर गोळी तुटू देऊ नका. शेवटची पट्टी हातात घ्यायच्या आत, दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच खिडकीवर जा.