हाताची घडी आणि ९३ टक्के

काल कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं ते दादाच्या एका वाक्यानं. "बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के. ३८ टक्के आवाज, ५५ टक्के चेहरा. सिद्ध झालंय हे!"

मास्तर सरसावून बसले. "मग परक्या भाषेतलं भाषण तुला ९३ टक्के कळायला हवं. कळतं?"

दादा गप्प. हे आकडे मीही लोकांना ऐकवलेत, म्हणून मास्तरांनी सांगितलेली हकिगत नीट लिहून ठेवतो. हे आकडे आले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, त्यातल्या एकात जोडीला चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल काय वाटतंय? शब्द एक सांगतोय आणि सूर भलतंच, तेव्हा माणूस कशावर विसंबतो, एवढाच तो मामला. सगळ्या बोलण्याला हा हिशेब लावू नका, असं खुद्द मेहराबियननी सांगितलंय.

"पण 'काही नाही, बरी आहे' एवढं ऐकून आईला कधी पटलंय का?" ताई म्हणाली.

"कारण तुझं रोजचं 'बरी आहे' तिच्या कानात असतं," मास्तर म्हणाले. "अनोळखी माणूस खरं बोलतोय की खोटं, हे बघून-ऐकून ओळखायला सांगितलं तर लोक १०० पैकी साधारण ५४ वेळा बरोबर येतात. नाणं उडवलं तरी ५० येतील!"

मला हे ऐकून धक्काच बसला. दादा मात्र हटेना. त्यानं धाकट्याकडे बोट केलं. "मग याचं काय? आठवडाभर हाताची घडी घालून बसतोय. कुणावर तरी डूख धरलाय यानं."

तो राग माझ्यावरच आहे असं मी धरून चाललो होतो आणि चार दिवस त्याच्याशी तुटक बोलत होतो. काल पहिल्यांदा नीट पाहिलं. ती घडी नव्हतीच. डावं कोपर त्यानं उजव्या तळव्यात तोलून धरलं होतं, आणि ताई शेजारी टेकली तशी बोटं आणखी आवळली.

"खांदा आखडलाय रे," तो म्हणाला. "हात लोंबता सोडला की कळ येते."

मला फार वाईट वाटलं. दादा उसळलाच, "म्हणजे अंग बोलतच होतं की! आपल्याला वाचता आलं नाही, एवढंच."

"एवढंच?" मास्तर म्हणाले. ताईनं दोघांना थांबवलं आणि धाकट्याला विचारलं, डॉक्टरांना दाखवलंस का? त्यानं नुसतीच मान हलवली, आणि ती मान हो म्हणाली की नाही यावर पुन्हा दोन तट पडले.