नागीण खरी, नरसिंह कार्टून

सोलापुरात राहायचं आणि देव-भुतांच्या मालिका-सिनेमांवर मत नाही म्हणायचं, हे शोभत नाही. टपरीवर कटिंग हातात आला की कुणीतरी विचारणारच, तेव्हा तयारीत राहा. त्यासाठी काहीही पूर्ण बघू नका. पूर्ण बघणाऱ्याला शंका येतात, आणि शंकेखोराला टपरीवर कुणी भाव देत नाही.

सुरुवात मालिकांपासून करा. तिथं मन मोठं ठेवायचं. 2015 साली हिंदीत 'नागिन' सुरू झाली, तेव्हापासून सीझनवर सीझन निघालेत. बाई रूप बदलते, डोळ्यांचा रंग बदलते, सूड घेण्यासाठी त्याच घरात सून म्हणून नांदते. तुम्ही आपली कडक भाकरी मोडायची, शेंगाचटणीत बुडवायची आणि बघत राहायचं. सापाला बाहेरचे कान नसतात, तो पुंगीच्या सुरावर नाही तर तिच्या हालचालीवर डोलतो, असलं काही घरातलं शाळकरी पोरगं बोललं तर त्याला अभ्यासाला पिटाळा. नागीण जिना उतरायला अर्धा एपिसोड घेत असेल तर घेऊ द्या. घाई तिला नाही, तुम्हाला कशाला?

मराठीचा अभिमान दाखवायचा असेल तर 'रात्रीस खेळ चाले' काढा. 2016ला ज्यांच्या मरणापासून गोष्ट सुरू झाली, ते अण्णा नाईक 2019च्या दुसऱ्या भागात धडधाकट हिंडत होते, कारण गोष्टच मागं गेली होती. हे तुम्ही बिनतक्रार पचवलंत. कुणी विचारलंच की असली भुतं कोकणातच का, तर सांगा, मे महिन्यात आमच्याकडं राहून दाखव म्हणावं भुताला.

आता ॲनिमेशन. इथं मात्र एकदम कडक व्हायचं. जुलै 2025 मध्ये 'महावतार नरसिंह' आला, गल्ला शेकडो कोटींत गेला. तुम्ही एवढंच म्हणा, "कार्टून हाय बे, पोरांना ने." मग पोरांना घेऊन जा, आणि खांबातून नरसिंह बाहेर येताना पोरांच्या आधी तुमचेच हात जोडले गेले तर अंधारात कुणाला दिसतंय! बाहेर आल्यावर तक्रार सुरू करा. हिरण्यकशिपू जिममधून आल्यासारखा दिसतो. प्रल्हाद फार गोंडस आहे. आयाळ नीट हलत नाही. (स्वतःचे केस विंचरलेत का, ते बघू नका.) सिनेमा हिंदीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही आला, ही आपली मोठी सोय. तिन्ही भाषांत नावं ठेवता येणारं दुसरं गाव शोधून दाखवा. नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूरला जाऊन तुम्ही त्याच देवापुढं नारळ फोडून आलात, हे मात्र बोलू नका. वरदानातली दिवस-रात्र, घर-अंगण, माणूस-जनावर ही सगळी भानगड सिनेमानं सावकाश उलगडली तर जांभई द्या. सावकाशपणाचा हक्क फक्त नागिणीला.

तरीही कुणी ऐकेना, तर 1992चं जपानी-भारतीय रामायण बाहेर काढा. जपानी दिग्दर्शक युगो साको आणि आपले ॲनिमेशनवाले राम मोहन यांच्यासारख्या माणसांनी एकेक चित्र हातानं काढून घेतलं, आणि भारतभरच्या थेटरांत ते दणक्यात लागायला जानेवारी 2025 उजाडला. ते किती देखणं आहे हे बोलायचं नाही. "जपान्यांना काय कळतंय रामायण?" एवढं पुरे. रामाचं कार्टून कसलं करता, अशी हरकत सिनेमा तयार व्हायच्या आधीच निघाली होती. म्हणजे तुमचं मत चांगलं मुरलेलं आहे.

अजून एक काम आत्ताच उरकून ठेवा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, सोलापूरचा अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो. 16 वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला पोरगा, गळ्यात यमाचा फास, मिठीत शिवलिंग. उद्या कुणाच्या तरी डोक्यात यावर ॲनिमेशन काढायचं येईलच. यमाच्या रेड्याच्या शिंगांवर तुमची हरकत आजच नोंदवा. सिनेमा काढतील सावकाश.