ढोलकीवाल्याचा जोडधंदा

वाईला गणपती घाटाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी सातनंतर आमचा कट्टा भरतो. कायमचे मेंबर चार. बापू, म्हणजे तरुणपणी तमाशाच्या फडात ढोलकी वाजवलेले आणि आता गुडघे धरून बसणारे. मास्तर, निवृत्त. शकील, लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. आणि मी, ज्याला कट्ट्यावर 'लिहिणारा' म्हणतात, ते कौतुकानं नाही.

परवाचा वाद सुरू झाला बापूंच्या भाच्यावरून. सचिन ढोलकी वाजवतो, हात चांगला आहे, त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. जागरण-गोंधळ, जत्रा, लावणीचे शो, गणपतीत ऑर्केस्ट्रा, असं त्याचं वर्ष जातं. पण गेल्या काही महिन्यांत गडी भलत्याच वाटेला लागलाय. पुण्यातल्या एका कंपनीनं त्याला कर्मचाऱ्यांना 'ताण घालवायला' ढोलकी शिकवायला बोलावलं, दोन तासांचे आठ हजार दिले. दोन शाळांत कार्यशाळा झाल्या. विम्याच्या प्रचाराचं पथनाट्य केलं. आणि आता मुंबईचा एक स्टुडिओ त्याच्या थापा रेकॉर्ड करायला बोलावतोय. गाणं नाही. नुसत्या थापा, एक एक सुटी.

"ढोलकी म्हंजे काय जिमचं मशीन हाय का?" बापू म्हणाले. "खुर्च्या गोल मांडून ठेवल्यात, त्याच्यावर टाय घातलेली माणसं, मांडीवर ढोलकी. व्हिडिओ दाखवला त्यानं. एकाची ढोलकी उलटी होती, शाईची बाजू डावीकडं. आन हा हसतोय."

"आठ हजारात मीपण हसलो असतो," शकील म्हणाला.

बापूंचं म्हणणं थोडक्यात असं: कलावंतानं कार्यक्रम करावा. बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर जावं, नाहीतर देवापुढं. बाकीचं सगळं जोडधंदा, आणि जोडधंद्यानं हात बिघडतो.

मी म्हणालो, बापू, तुम्ही उलटं धरलंय. लोककलावंताला 'कार्यक्रम' कधी होता? तिकीट काढून, खुर्चीत बसून, मध्यंतरात वडा खाऊन ऐकायचं हे अलीकडचं. गोंधळी लग्नानंतर कुळाचार म्हणून यायचा. वासुदेव पहाटे दारात दान मागत यायचा. शाहीर फौजेसाठी गायचा. महात्मा फुल्यांचा विचार गावोगाव नेला तो सत्यशोधक जलशांनी, आणि त्यांनी ढाचा उचलला तमाशाचाच. म्हणजे ज्याला तुम्ही जोडधंदा म्हणता तोच मूळ धंदा. कार्यक्रम हा जोड.

"हे लिहायला बरं हाय," बापू.

मास्तर तोवर गप्प होते. त्यांनी बोट कृष्णेपलीकडं, पसरणीच्या घाटाच्या दिशेनं केलं. वाईत बसून असला वाद चालला की ते बोट तिकडं जातंच. पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. ३ सप्टेंबर १९२३ चा जन्म. शिकायला अमळनेरला नातेवाइकांकडं गेले, तिथं साने गुरुजी भेटले, आणि पोरगा गाण्याचा झाला तो गुरुजींच्या मागं फिरत.

"त्या माणसाला विचारा तुमचा धंदा कोणता," मास्तर म्हणाले. "पोवाडे गायले म्हणून शाहीर म्हणायचं, तर १९६० साली 'यमराज्यात एक रात्र' काढलं ते नाटक. तेसुद्धा आपल्या नेहमीच्या तमाशासारखं नाही आणि शहरातल्या नाटकासारखंही नाही, म्हणून त्याला मुक्तनाट्य म्हणायला लागलं. त्याच सुमाराला राजा बढ्यांचे शब्द आणि श्रीनिवास खळ्यांची चाल गायली, ते 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ ला राज्यगीत झालं. मग 'आंधळं दळतंय', मुंबईत मराठी माणूस मागं पडतोय यावर, ऐन शिवसेना उभी राहत होती त्या काळात. ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, दूरदर्शन, पुढं नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद. आणि शेवटी 'महाराष्ट्राची लोकधारा', सगळ्या लोककला एका रंगमंचावर. यातला जोडधंदा कुठला, सांगा."

इथं बापू चिडले, कारण लोकधारा हा त्यांचा जुना घाव आहे.

"लोकधारेचंच सांगतो. रात्रभराचा गोंधळ. चौक भरायचा, दिवटी पेटवायची, गण झाला की आवतनं, मग आख्यान, पहाटं आरती. त्याची त्यांनी केली किती मिनटं? त्याच्यामागं लगेच वाघ्या-मुरळी, त्याच्यामागं कोळीनाच, त्याच्यामागं वासुदेव. सगळ्यांचे कपडे कोरे करकरीत. आमच्या फडातली पोरं बघून आली आन म्हणाली, बापू, आपलं बंद करू, लोकांना आता हेच पायजे."

याला उत्तर सोपं नाही. मी स्वतः लोकधारा दूरदर्शनवर पाहून वाढलो. खरं सांगायचं तर गोंधळ म्हणजे तेवढीच मिनिटं असंच मला कितीतरी वर्षं वाटत होतं. पहिल्यांदा मामाच्या घरी पूर्ण जागरण बघितलं तेव्हा बारा वाजता मी विचारलं होतं, संपलं का? सगळे हसले होते. तेव्हा बापूंचं दुखणं मला कळतं.

पण दुसरी बाजूही आहे. लोकधारेत कोण कोण तयार झालं ते बघा. भरत जाधव, अंकुश चौधरी, साबळ्यांचे नातू केदार शिंदे, ही सगळी आधी त्या पथकात घाम गाळणारी पोरं. गिरणगावातल्या चाळीतली मुलं ज्यांच्या घरी कुणी संबळ पाहिला नव्हता, ती ताल शिकली. पुढं ती नाटक-सिनेमात गेली, गोंधळात नाही, हे खरं. म्हणून बापूंना ते खात्यात धरवत नाही. मला वाटतं धरावं. फडाचा मालक मेला की फड संपतो. साबळे २० मार्च २०१५ ला गेले, तरी त्यांच्या हाताखालची माणसं कामात आहेत.

शकील म्हणाला, "आणि बापू, तुमचे शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख? १९४४ ला लाल बावटा कलापथक काढलं गव्हाणकरांना घेऊन. कम्युनिस्ट पार्टीचा प्रचार होता की तो! सचिन विम्याचा करतो."

"अरे, प्रचार आन जाहिरात एक हाय का?"

"पैसे कोण देतो त्यावर ठरतं म्हणा."

"न्हाई. उद्या पोलीस आला तर कुणाला धरून नेतो त्याच्यावर ठरतं."

यावर दोन मिनिटं कुणी बोललं नाही. बापू कधी कधी असं काहीतरी टाकतात. (नंतर मला आठवलं की अमर शेखांनी 'प्रपंच' सिनेमात कामही केलं होतं, आणि तिथं कुणी धरून नेणारं नव्हतं. पण कट्ट्यावर मुद्दा वेळेवर आठवला नाही तर तो मेलेला मुद्दा.)

मग मास्तरांनी विठ्ठल उमपांचा विषय काढला, बापूंना जरा थंड करायला. उमप बापूंचे देव आहेत. भीमगीतं, कव्वाली, भारूड, आकाशवाणी, सिनेमातली कामं, आणि 'जांभूळ आख्यान'. एकटा म्हातारा माणूस द्रौपदी होऊन उभा राहतो आणि तिच्या मनात कर्ण आला हे आपल्याला सांगतो. पतिव्रतेच्या शब्दानं तोडलेलं जांभूळ देठाला परत चिकटावं, ते चिकटत नाही, तेवढ्यावर गोष्ट तोलून धरतो. हे आख्यान वाड्या-वस्त्यांवरही झालं आणि शहरातल्या नाट्यगृहांतही. २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि गेले.

"बघा, बोर्डावर गेले," बापू म्हणाले. जणू वाद जिंकलाच.

"पण बापू, तोही आधी तुमच्या भाषेत जोडधंद्यातच फिरला की आयुष्यभर," मी म्हणालो. "आणि म्हातारपणी कामाला आला तो जोडधंदाच. नुसती जत्रा धरून बसलेल्यांचं काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक."

हे मी बोलायला नको होतं. बापूंना सरकारचं ज्येष्ठ कलावंत मानधन मिळतं. आधी त्यात अ, ब, क अशा श्रेणी होत्या आणि ते 'क' मध्ये होते, महिना २,२५०. कोण्या समितीनं ढोलकीच्या बत्तीस वर्षांना 'क' दिलं, हे ते कधी विसरले नाहीत. २०२४ मध्ये श्रेणी काढून सरसकट ५,००० झालं तेव्हा त्यांनी कट्ट्यावर पेढे वाटले. पैसे वाढले म्हणून नाही, 'क' गेला म्हणून.

त्यांनी नुसतं नदीकडं बघितलं. मग म्हणाले, "शाळेत शिकवतोय ते शिकवू दे. कंपनीतपण जाऊ दे, उलटी तर उलटी. पर हे थापांचं काय हाय ते मला समजलं न्हाई."

आणि मग शकीलनं समजावलं. स्टुडिओत सचिन एकटा बसणार. 'ना' हळू, 'ना' जोरात, 'ना' मधला, असं एकेक वाजवणार. शाईच्या बाजूचे बोल वेगळे, डाव्या बाजूची घुमारी वेगळी, दोन्ही मिळून वेगळं. ते कॉम्प्युटरमध्ये जाणार. मग जगात कुणीही बटण दाबून त्यातून लावणीचा ठेका तयार करणार. सचिनला न बोलावता.

"म्हंजे ढोलकी सचिनची वाजणार आन सचिन घरी?"

"हो."

शकील स्वतः याच्या बाजूनं होता. त्याचं म्हणणं, हा नाही गेला तर दुसरा जाईल, आणि तो दुसरा वाईट वाजवत असेल तर जगभर वाईट ढोलकी ऐकू येईल. शिवाय २०१२ साली कॉपीराइट कायदा सुधारला, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आला. मास्तर म्हणाले, हक्क आला तो सादरीकरणावर. एका सुट्या 'ना' ला सादरीकरण म्हणायचं का, ते कोर्टात सांगा जाऊन. आणि गाण्याच्या लेबलवर 'पारंपरिक' असं छापतात तेव्हा पैसे परंपरेच्या घरी जातात का?

इथं माझी पंचाईत झाली. तासभर मी सांगत होतो की जोडधंदा असा काही नसतोच. पण साबळ्यांनी जे जे केलं त्यात पुढच्या खेपेला साबळे लागायचेच. नाटक लिहिलं तर प्रयोगाला तेच, लोकधारा काढली तर निवेदनाला तेच. शाळेतल्या कार्यशाळेतूनही सचिनला पुढचं बोलावणं येतं. या थापांत मात्र चांगलं काम केलं तर पुढचं बोलावणंच बंद. असला जोडधंदा माझ्या हिशेबात बसत नव्हता, आणि बापूंना ते न बोलता समजलं होतं.

साडेआठला सचिन आला. पाठीला ढोलकी, खाली जागरणाला जायची जीप थांबलेली. खिशातून घडी केलेला कागद काढून मास्तरांना दिला, इंग्रजीत होता. मास्तरांनी मोबाइलच्या उजेडात चष्मा वर-खाली करत वाचला.

"कायमचे हक्क. जगभर. आत्ता असलेल्या आणि पुढं निघणाऱ्या सगळ्या माध्यमांत. पैसे एकदाच, पंचवीस हजार."

"किती थापा?" शकीलनं विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"मग तिथंच धरा त्यांना. दर थापेला रेट लावायचा, आणि वर्षानं परत. आधी सांग, ढोलकीत एकंदर बोल किती?"

सचिन म्हणाला, मोजले नाहीत कधी. जीपवाल्यानं हॉर्न दिला. बापूंनी त्याला हातानंच थांब म्हटलं आणि पायरीच्या दगडावर दोन्ही हात ठेवले. ना. ता. तिं. मग डाव्या हातानं घे, आणि तोच मनगट घासून. एक एक वाजवून ते बोट मोडत होते, मास्तर कागदाच्या पाठीवर रेघा ओढत होते. जीपवाला तिसऱ्यांदा हॉर्न देऊन शेवटी उतरून वर आला आणि उभा राहून ऐकायला लागला. सतराव्याला बापू थांबले, एक थाप दोनदा मोजली म्हणाले, आणि पुन्हा 'ना' पासून सुरू केलं.